शंका-समाधान : परक्या बाळाची नाळ, आपल्या मुलाचे रक्त

मुलांच्या रक्तविकारांवर आलेल्या पत्रांपैकी या वेळी नाळेच्या रक्तासंबंधीची पत्रे घेतली आहेत. नावे गाळली आहेत, मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे. पत्रावरून मूल तपासता येत नाही. त्यामुळे इथे दिलेली माहिती तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावी, एवढ्यासाठीच आहे.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा. ब्लड कॅन्सर दुसऱ्यांदा उलटलाय. एकुलता एक आहे, भाऊ-बहीण नाही. डॉक्टर म्हणाले, परदेशातल्या कुठल्या तरी बाळाच्या नाळेचं रक्त मिळू शकेल. ऐकूनच पोटात गोळा आला. कोणाचं बाळ, कसलं रक्त, किती वर्षांपूर्वीचं! त्या बाळाला इजा करून काढतात का? माझ्या लेकरावर प्रयोग तर करत नाहीत ना? (एक आई, सांगली)

उत्तर : शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देते. हा प्रयोग नाही. नाळेच्या रक्ताचे पहिले प्रत्यारोपण ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी केले. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया (रक्त तयार करण्याची शक्ती हळूहळू नष्ट करणारा आनुवंशिक आजार) झालेल्या पाच वर्षांच्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेचे रक्त दिले गेले. त्यानंतर न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये डॉ. पाब्लो रुबिनस्टाइन यांनी कोणाही गरजूसाठी खुली असलेली पेढी उभी केली. १९९३ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. जोआन कुर्ट्झबर्ग यांनी नात्यात नसलेल्या बाळाचे नाळरक्त वापरून मुलावर प्रत्यारोपण केले. त्यानंतरच्या तीस वर्षांत हजारो मुलांना हा उपचार मिळाला आहे. त्याचे फायदे आणि त्याचे धोके, दोन्ही आता नीट माहीत आहेत.

ज्या बाळाची नाळ, त्याला कोणतीही इजा होत नाही. बाळ जन्मते, नाळ कापली जाते आणि वारेत उरलेले रक्त पिशवीत घेतले जाते. एरवी ते वारेबरोबर टाकून दिले जाते. आईची लेखी संमती असते. एचआयव्ही, कावीळ ‘ब’ व ‘क’, सिफिलिस अशा आजारांच्या तपासण्या होतात आणि मगच पिशवी द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांच्या आसपास ठेवली जाते. या तापमानाला पेशींचे वय वाढत नाही. वीस वर्षांहून अधिक काळ साठवलेल्या पेशीही जिवंत आणि कार्यक्षम आढळल्या आहेत. पिशवी जुनी आहे, या एका कारणाने घाबरू नका.

प्रश्न : २०१९ मध्ये मुलाच्या जन्माच्या वेळी एक माणूस नाळेचं रक्त साठवायची योजना घेऊन आला होता. पैसे जास्त वाटले म्हणून मी नको म्हटलं. आता मुलाला ल्युकेमिया निघालाय. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मीच माझ्या पोराचं औषध नाकारलं, असं सारखं वाटतं. (एक वडील, नाशिक)

उत्तर : तुम्ही त्याचे औषध नाकारलेले नाही. हे धीर देण्यासाठी लिहीत नाही, वैद्यकीय वस्तुस्थिती म्हणून सांगते आहे. ती पिशवी आज तुमच्याकडे असती, तरी तुमच्या मुलाच्या ल्युकेमियासाठी आम्ही ती वापरली नसती. लहान मुलांच्या ल्युकेमियात कर्करोगाकडे नेणारा पहिला बदल अनेकदा जन्माआधीच झालेला असतो. जन्मानंतर घेतलेल्या रक्ताच्या थेंबांत तो सापडला आहे. म्हणजे स्वतःच्याच नाळरक्तातून तोच दोष परत देण्याचा धोका असतो. दुसरे असे की, दुसऱ्याच्या प्रतिकारपेशी उरलेल्या कर्करोगपेशींना ओळखून मारतात. मुलाच्या स्वतःच्या पेशींना ते जमत नाही, म्हणून तर हा आजार झाला. आनुवंशिक आजारांतही हीच अडचण येते, कारण जो दोष मुलात, तोच त्याच्या नाळेत.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, भविष्यातील विमा म्हणून खासगी पेढीत नाळरक्त साठवण्याची शिफारस केलेली नाही. त्या दिवशी तुम्ही पैशाचा विचार करून घेतलेला निर्णय वैद्यकीयदृष्ट्याही योग्यच होता.

झोप न लागणे आणि स्वतःला दोष देणे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर मात्र समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. मुलांच्या कर्करोग विभागात बहुधा अशी व्यक्ती असते. पुढचे काही महिने मुलाला तुमची गरज पडणार आहे.

प्रश्न : आमच्या मुलीसाठी पिशवी मिळाली, पण सहापैकी चारच जुळतात म्हणे. चार गुण म्हणजे काठावर पास! दुसरीकडे सांगतात, मोठ्या माणसाचा बोन मॅरो घ्यायचा तर सगळं जुळायला हवं. मग हिच्याच वाट्याला अर्धवट का? (आई-वडील, ठाणे)

उत्तर : जुळणी पाहतात ती एचएलएची (पेशींवरच्या ओळखखुणा, ज्यावरून शरीर आपले-परके ठरवते). यातल्या अर्ध्या खुणा आईकडून, अर्ध्या वडिलांकडून येतात. म्हणून एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक इतकीच असते. मोठ्या माणसाच्या बोन मॅरोत (हाडांच्या पोकळीतील रक्त तयार करणारा मगज) असलेल्या प्रतिकारपेशी आयुष्यभर जंतूंशी लढून तयार झालेल्या असतात. परके दिसले की त्या हल्ला करतात. नाळेतल्या प्रतिकारपेशी अजून कोणाशीच लढलेल्या नसतात. त्या फरक सहन करतात, म्हणून सहापैकी चार जुळणी वर्षानुवर्षे स्वीकारली गेली आहे. हा नियम तुमच्या मुलीसाठी शिथिल केलेला नाही, नाळरक्ताचा गुणधर्मच तसा आहे.

२००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. मेरी इपेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात परक्या दात्याचे नाळरक्त मिळालेली ५०३ आणि बोन मॅरो मिळालेली २८२ ल्युकेमियाग्रस्त मुले होती. अपूर्ण जुळणीचे नाळरक्त मिळालेल्या मुलांतही पाच वर्षांनी आजारमुक्त असलेल्यांचे प्रमाण पूर्ण जुळलेल्या बोन मॅरोच्या तोडीचे होते. पण हेही सांगायला हवे की, दोन खुणा न जुळणाऱ्या नाळरक्तात पहिल्या काही महिन्यांतले उपचारजन्य मृत्यू जास्त होते आणि आजार उलटण्याचे प्रमाण कमी. शेवटचा आकडा सारखा आला तरी सुरुवातीचा रस्ता अधिक खडतर असतो. त्यासाठी मनाची तयारी ठेवा.

जुळणीइतकाच, माझ्या मते त्याहूनही अधिक, महत्त्वाचा प्रश्न पिशवीत पेशी किती हा आहे. मुलाच्या दर किलो वजनामागे किमान अडीच ते तीन कोटी पेशी हव्यात. जुळणी कमी असेल किंवा आजार कर्करोग नसेल, तर त्याहून बऱ्याच जास्त. चांगल्या पिशवीत १२० कोटी पेशी धरल्या, तर १५ किलोच्या मुलीला किलोमागे ८ कोटी मिळतात आणि ६० किलोच्या माणसाला जेमतेम २ कोटी. मोठ्या वावरात मूठभर बी टाकावे, तशी त्या माणसाची गत होते. नाळरक्त मुख्यतः लहान मुलांसाठी वापरले जाते ते म्हणूनच. दोन पिशव्या दिल्या तर अधिक बरे, असे पूर्वी वाटे. पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२४ मुले व तरुण सहभागी असलेल्या अमेरिकी चाचणीत, एका पिशवीत पुरेशा पेशी असतील तर दुसरीचा जगण्याच्या दृष्टीने फायदा दिसला नाही. तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना किलोमागे पेशी किती पडतात ते विचारा. शिवाय, या दात्याच्या न जुळणाऱ्या खुणांविरुद्ध मुलीच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत का, हेही तपासून घ्यायला सांगा. ती असतील तर पेशी रुजण्याआधीच मारल्या जाऊ शकतात.

प्रश्न : भाच्याला नाळेचं रक्त देऊन एकवीस दिवस झाले. रोज सकाळी काउंट विचारतो, रोज तोच आकडा. शेजारच्या खोलीतल्या मुलाचा सोळाव्या दिवशी वर आला, त्याला बापाचा बोन मॅरो दिला होता. आमचं वाया गेलं का? बहीण जेवत नाही. (मामा, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : शेजारच्या खोलीशी तुलना करू नका, कारण दोघांना मिळालेल्या पेशी वेगळ्या आहेत. बोन मॅरोपेक्षा नाळेच्या पिशवीत स्टेम सेल (ज्यांपासून रक्तातील सगळ्या पेशी तयार होतात, त्या मूळ पेशी) संख्येने फार कमी असतात. त्यांना हाडांत पोहोचून वाढायला वेळ लागतो. न्यूट्रोफिल (जंतूंशी सर्वांत आधी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या की रुजवण झाली असे मानतात. नाळरक्तात त्याला साधारण तीन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून अधिक. ४२ व्या दिवसापर्यंत हे झाले नाही, तर पेशी रुजल्या नाहीत असे म्हटले जाते. प्लेटलेट तर आणखी मागे राहतात. दोन महिने बाहेरून द्याव्या लागल्या तरी ते अपेक्षेबाहेरचे नाही.

याचा अर्थ डॉक्टर ४२ दिवस हातावर हात ठेवून बसतात असा नाही. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास कायमेरिझमची तपासणी (रक्तात दात्याच्या पेशी किती आणि मुलाच्या स्वतःच्या किती, हे सांगणारी) केली जाते. काउंट वर आलेला नसतानाही तिच्यातून दिशा कळते. ती कधी करणार, एवढे जरूर विचारा. पेशी न रुजण्याचा धोका नाळरक्तात इतर प्रकारांपेक्षा जास्त आहे, हे मी लपवणार नाही. आणि ज्या बाळाची नाळ होती, त्याच्याकडून पुन्हा काही मागता येत नाही. म्हणून सावध केंद्रे आधीच आई किंवा वडिलांची तपासणी करून पर्यायी दाता ठरवून ठेवतात. तुमच्या बहिणीला जेवू घाला. तिला आत जाऊन मुलाजवळ बसायचे असेल, तर तिने आजारी पडून चालणार नाही.

प्रश्न : एक डॉक्टर म्हणतात नाळ, दुसरे म्हणतात बापाचा बोन मॅरो, अर्धा जुळला तरी चालतो. दोघंही मोठे. आम्ही शिकलेले आहोत, पण इथे अडाणी झालोय. चुकीचा पर्याय निवडला तर आयुष्यभर स्वतःला माफ करता येणार नाही. (एक आई, पुणे)

उत्तर : दोघेही बरोबर असू शकतात. पूर्वी अर्धे जुळलेले, म्हणजे हॅप्लो प्रत्यारोपण फार धोक्याचे होते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डॉक्टरांनी प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देऊन, हल्ला करू पाहणाऱ्या प्रतिकारपेशी नेमक्या त्याच वेळी मारण्याची रीत बसवली आणि चित्र बदलले. वडील घरातच असतात. शोध घ्यावा लागत नाही, पिशवी परदेशातून आणावी लागत नाही आणि गरज पडली तर त्यांच्याकडून पुन्हा पेशी घेता येतात. भारतात परक्याचे नाळरक्त आज कमी वापरले जाते, त्याचे हे मोठे कारण आहे. खर्च हे दुसरे कारण. परदेशातून पिशवी आणायची, तर तिचीच किंमत कित्येक लाखांत जाते.

तरीही नाळरक्त मागे पडले, असे सरसकट म्हणता येणार नाही. त्यात जुनाट जीव्हीएचडी (दात्याच्या प्रतिकारपेशींनी मुलाची त्वचा, आतडी, यकृत यांवर केलेला हल्ला) कमी आढळतो. ज्याला पुढे साठ वर्षे जगायचे आहे, त्या मुलासाठी ही गोष्ट लहान नाही. सिॲटलच्या एका गटाने २०१६ मध्ये दाखवले की, प्रत्यारोपणाआधी शरीरात ल्युकेमियाचा सूक्ष्म अंश उरलेल्या रुग्णांत नाळरक्तानंतर आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते. उलट बाजूला, नाळरक्तानंतर पहिले तीन-चार महिने विषाणूंचा संसर्ग फार त्रास देतो, कारण त्या कोवळ्या पेशींना कोणत्याच जंतूची ओळख नसते.

माझे मत विचाराल, तर ज्या केंद्राने जी पद्धत अनेकदा केली आहे, ती पद्धत त्या केंद्रात करावी. वर्षातून एखादे नाळरक्ताचे प्रत्यारोपण करणाऱ्या ठिकाणी ते करून घेण्यापेक्षा, हॅप्लो नियमित होणाऱ्या ठिकाणी हॅप्लो बरे. दोन्ही डॉक्टरांना, तुमच्या मुलासारख्या किती मुलांवर हे केले आणि त्यांचे काय झाले, असे सरळ विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. दोघांकडून माहिती घेऊन विचारपूर्वक जे ठरवाल, ते चुकीचे ठरणार नाही. पुढे काहीही झाले तरी ती निवड त्या दिवशीच्या माहितीवर केलेली असेल.

प्रश्न : मुलगा थॅलॅसेमिया मेजर, वय पाच. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो. बहिणीचं जुळलं नाही. एका ओळखीच्याने सांगितलं, परदेशातून नाळेची पिशवी आणून देतो, लवकर ठरवा, वय वाढलं की होत नाही. दुकान विकायची तयारी आहे. (एक वडील, उल्हासनगर)

उत्तर : दुकान विकू नका. निदान या कारणासाठी आणि या घाईने तर नाहीच. थॅलॅसेमियात मुलाचा बोन मॅरो जोमाने चुकीचे रक्त तयार करत असतो आणि अनेक वेळा रक्त चढवल्याने त्याचे शरीर परक्या पेशींना नाकारायला शिकलेले असते. नाळेतल्या मोजक्या पेशी तिथे टिकाव धरत नाहीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात परक्या दात्याचे नाळरक्त मिळालेली थॅलॅसेमियाची ३५ मुले होती. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांत पेशी रुजल्याच नाहीत. ठराविक संशोधन केंद्रांबाहेर हा मार्ग या आजारासाठी सुचवला जात नाही.

लहान वयात, यकृत आणि हृदयात लोह साठण्यापूर्वी प्रत्यारोपण केले तर यश अधिक, एवढे त्या गृहस्थांचे म्हणणे खरे आहे. पण त्यासाठी दाता योग्य हवा. पूर्ण जुळणारा परका प्रौढ दाता दात्यांच्या नोंदणी संस्थांत शोधता येतो. आई-वडिलांकडून अर्ध्या जुळणीचे प्रत्यारोपण काही अनुभवी केंद्रे करतात. आणि तोवर नियमित, नीट तपासलेले रक्त आणि लोह बाहेर काढणारी औषधे खंड न पाडता दिली, तर मूल शाळेत जाते, खेळते, मोठे होते. तुमच्याकडे वेळ आहे. आपल्या भागात या आजाराची मुले बरीच आहेत. मुंबई महापालिकेचे बोरिवलीत मुलांच्या थॅलॅसेमियासाठी व बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी स्वतंत्र केंद्र आहे, तिथे दाखवा. नात्यातला जुळणारा दाता असेल, तर ‘थॅलॅसेमिया बाल सेवा योजने’तून निकषांत बसणाऱ्या कुटुंबाला १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. म्हणून चुलत-मावस भावंडांचीही तपासणी करायची का, हे तिथल्या तज्ज्ञांना विचारा. पिशवीचा व्यवहार कोणा मध्यस्थामार्फत कधीच होत नाही. तो प्रत्यारोपण केंद्र आणि अधिकृत पेढी यांच्यातच होतो.

प्रश्न : मुलगी चौदा महिन्यांची. चेहरा थोडा रुंद, पाठीला बाक, सारखी सर्दी. आता हर्लर नावाचा आजार सांगितला. घरचे म्हणतात, एवढीशी पोर, थोडी मोठी होऊ दे, अंगात ताकद येऊ दे, मग बघू. मला भीती वाटते की आम्ही वेळ घालवतोय. (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. या पत्रांपैकी फक्त तुमच्याच पत्राला ‘घाई करा’ असे उत्तर देत आहे. हर्लर आजारात एक विकर (शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) जन्मतःच नसते. त्यामुळे पेशींत टाकाऊ द्रव्य साचत जाते आणि दुसऱ्या वर्षापासून मेंदूची वाढ खुंटू लागते. हे विकर शिरेतून देता येते, पण ते मेंदूत पोहोचत नाही. प्रत्यारोपणातून आलेल्या दात्याच्या पेशी मात्र मेंदूपर्यंत जाऊन बसतात आणि तिथे विकर तयार करतात. म्हणून साधारण दोन ते अडीच वर्षांच्या आत, बुद्धी शाबूत असतानाच प्रत्यारोपण व्हायला हवे. एकदा गेलेली क्षमता परत येत नाही.

परक्या बाळाच्या नाळरक्ताने सर्वांत ठळक काम केले ते अशा आजारांत. पिशवी तयार असते. दाता शोधून, त्याची तारीख घेऊन थांबावे लागत नाही. भावंड दाता असेल तर ते वाहक असण्याची आणि त्याच्याकडून विकर निम्मेच मिळण्याची शक्यता असते. नाळेच्या पिशवीतले विकर आधीच मोजून घेता येते. ड्यूक विद्यापीठाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, परक्या दात्याचे नाळरक्त मिळालेल्या हर्लरच्या २० मुलांपैकी १७ मुले जिवंत होती आणि त्यांची बौद्धिक वाढ चालू होती. हाडांचे आणि डोळ्यांचे प्रश्न मात्र नंतरही राहतात. त्यांसाठी पुढे शस्त्रक्रिया लागू शकतात.

या आठवड्यातच मुंबईच्या केईएम रुग्णालयात जा. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातले ते एक नियुक्त केंद्र आहे. २०२१ च्या या धोरणानुसार अशा केंद्रामार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते आणि एकदाच्या प्रत्यारोपणाने सुधारणाऱ्या आजारांचा त्यात समावेश आहे. घरच्यांना हे उत्तर वाचून दाखवा. त्यांचा विचार मायेपोटीच आहे, पण या आजारात थांबल्याने मुलीची ताकद वाढणार नाही.

प्रश्न : नातवाचा रक्तगट बी होता, आता डॉक्टर म्हणतात ओ होईल. परक्याचं रक्त, परक्याचा गट. मूल आमच्या घराण्याचं राहील का? स्वभाव बदलेल का? हसू नका, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. (आजी, अमरावती)

उत्तर : आजी, यात हसण्यासारखे काहीही नाही. रक्तगट खरोखर बदलतो आणि त्याच्या रक्तातली आनुवंशिक ओळखही दात्याची होते. पण हे फक्त रक्तापुरते आणि रक्तातून तयार होणाऱ्या पेशींपुरते. त्याचा मेंदू, चेहरा, आवाज आणि पुढे त्याला मुले झाली तर त्यांना जाणारा वारसा, सगळे त्याचेच, म्हणजे तुमच्याच घरचे राहते. स्वभाव रक्तातून येत नाही. नवा रक्तगट मात्र त्याच्या कागदपत्रांवर ठळक लिहून ठेवा. त्याला पुढे कधी रक्त लागले, तर ते प्रत्यारोपण केंद्राच्या सल्ल्याने, विकिरण दिलेले (दात्याच्या पांढऱ्या पेशी निष्प्रभ केलेले) असावे, हेही तिथेच लिहा.

प्रश्न : मी सात महिन्यांची गरोदर आहे, न्यू जर्सीत राहते. भारतीय मुलांना जुळणाऱ्या नाळा फार कमी असतात असं ऐकलं. मला माझ्या बाळाची नाळ दान करायची आहे. पण त्यामुळे माझ्या बाळाला रक्त कमी पडलं तर? (एक वाचक)

उत्तर : तुमचे ऐकणे बरोबर आहे. एचएलएच्या खुणा वंशपरंपरेने येतात. जगातल्या सार्वजनिक पेढ्यांत युरोपीय वंशाच्या पिशव्या अधिक आहेत, त्यामुळे आपल्या मुलांना जुळणी कठीण जाते. तुमचे दान म्हणूनच मोलाचे आहे. सार्वजनिक पेढीसाठी नाळ ठराविक रुग्णालयांतच घेतली जाते आणि नोंद साधारण ३४ व्या आठवड्याआधी करावी लागते. तेव्हा याच आठवड्यात चौकशी करा.

बाळाच्या बाबतीत एकच अट धरा. नाळ किमान एक मिनिटाने बांधावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेवढ्या वेळात वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि पुढचे काही महिने त्याच्या शरीरात लोह पुरते. ते झाल्यावर जे उरेल, तेवढेच दान करा. कदाचित पिशवी लहान भरेल आणि पेढी ती नाकारेल. तसे झाले तरी चालेल. तुमच्या घरात आधीच एखादे मूल प्रत्यारोपणाने बरे होणाऱ्या आजाराने आजारी असेल, तर मात्र दान न करता ती नाळ त्या भावंडासाठीच राखून ठेवायला हवी. हे प्रसूतीपूर्वी रक्तविकारतज्ज्ञांशी बोलून ठरवतात.

प्रश्न : पुढच्या महिन्यात मुलीला घरी आणणार. आम्ही घराला रंग काढायचं ठरवलंय, स्वच्छ वाटेल म्हणून. सासूबाई देवाचा अंगारा आणणार आहेत. धाकट्याचा पोलिओचा डोस आहे. काय करू आणि काय नको, डोकं चालत नाही. (एक आई, लातूर)

उत्तर : रंगकाम करायचेच असेल, तर आजच सुरू करा आणि मुलगी येण्याच्या निदान दोन आठवडे आधी संपवा. भिंती घासताना, फरशी फोडताना उडणाऱ्या धुळीत बुरशीचे कण असतात. तुम्हाला-मला ते काही करत नाहीत, पण हिच्या फुप्फुसात ते जीवघेणे ठरू शकतात. जवळपास बांधकाम चालू असेल, तर त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा. कुंड्या, ताजी फुले, माती काही महिने दूर असू द्या. अंगाऱ्याची पुडी देवघरात ठेवून तिथूनच मुलीसाठी प्रार्थना करावी, असे सासूबाईंना विनवा. कपाळाला किंवा तोंडात मात्र तो नको. जेवण घरचे, नुकते शिजवलेले आणि गरम. फळे जाड सालीची, धुऊन तिथल्या तिथे सोललेली. दही-ताक कधी सुरू करायचे, हे केंद्र सांगेल.

पोलिओचे तोंडाने द्यायचे थेंब जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूंचे असतात. ते घेतलेल्या बाळाच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडतात आणि हिच्यासाठी धोक्याचे ठरतात. धाकट्याची लस चुकवू नका. त्याला इंजेक्शनची पोलिओ लस द्यायची, असे बालरोगतज्ज्ञांना सांगून लिहून घ्या. पल्स पोलिओच्या दिवशी दारात येणाऱ्या ताईंनाही ती चिठ्ठी दाखवा. मुलीला पूर्वी दिलेल्या लसींचा परिणाम प्रत्यारोपणात पुसला जातो. त्या सहा महिने ते वर्षभरानंतर टप्प्याटप्प्याने पुन्हा द्यायच्या असतात. गोवर, कांजिण्या अशा जिवंत लसी तर दोन वर्षांनंतर, तेही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद झाल्यावरच.

घरात एक चांगला थर्मामीटर ठेवा. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट दिसला, तर मध्यरात्र असली तरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. आधी केंद्राला फोन करा आणि निघा. तुमच्यापासून केंद्र दूर आहे. त्यामुळे पहिले इंजेक्शन लातुरातच कोणत्या रुग्णालयात द्यायचे, याची लेखी चिठ्ठी डिस्चार्जच्या दिवशीच डॉक्टरांकडून घ्या आणि त्या रुग्णालयात ती आधी दाखवून ठेवा. अंगावर नवे पुरळ, दिवसातून अनेकदा पातळ जुलाब, डोळे पिवळे होणे किंवा श्वास जोरात चालणे दिसले, तरी त्याच दिवशी दाखवायला हवे.